जबानीआधीचे अकरा दिवस

कोर्टाचा चपराशी आमच्या दारात आला तेव्हा मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. मला सातवा महिना होता. चपराशानं आधी मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं नाव विचारलं, मग हातातल्या कागदाकडे बघत म्हणाला, "समन बहूजी के नाम का है." मी सूप तिथंच टाकून आत गेले आणि देवघराच्या दाराशी उभी राहिले. ज्यांच्या नावानं असे कागद येतात त्यांचं काहीतरी वाईट होतं, एवढंच मी तोवर ऐकून होते.

मामंजींनी सही करून कागद घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि सांगितलं, की अकराव्या दिवशी सकाळी अकरा वाजता कोर्टाचं कमिशन आपल्या घरी येईल आणि माझी जबानी घेईल. सासूबाईंनी विचारलं, कमिशन म्हणजे काय. अवघडलेली बाई किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस कोर्टात जाऊ शकत नाही, तेव्हा कोर्ट एखाद्या वकिलाला नेमून घरी पाठवतं. तो शपथ देतो, दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न विचारतात, तो उत्तरं लिहून घेतो आणि ते कागद न्यायाधीशापुढं जातात, असं त्यांनी समजावलं.

"म्हणजे कोर्टच घरी येऊन राहिलं," सासूबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मध्यप्रांताच्या काळातली ही गोष्ट. जबलपुरात चेरीतालला आमचं भाड्याचं घर होतं. मामंजी कचेरीत नकलनवीस होते. निकाल, अर्ज, साक्षीदारांच्या जबान्या यांच्या नकला रेखीव अक्षरात उतरवून देणं हे त्यांचं काम. माझे यजमान शाळेत ड्रॉइंग शिकवत. मी भंडाऱ्याहून सोळाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आलेली. समन आलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

शेजारच्या घरात वहिनी राहायच्या. नात्याच्या नव्हेत, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठ्या म्हणून मी त्यांना वहिनी म्हणायची. त्यांच्या सासरचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, शहपुऱ्याकडे त्यांची दोन गावं होती. थोरले दीर शहपुऱ्याला राहून शेती बघत, वहिनींचे यजमान जबलपुरात राहत. वहिनींना पाचवा महिना असताना यजमान विषमज्वरानं गेले. पुढं वहिनींना मुलगा झाला. आणि थोरले दीर म्हणू लागले की हा मुलगा आमच्या घरातला नाही. त्यांचं म्हणणं, वहिनींचं मूल पोटातच गेलं होतं, दाईनं दुसऱ्या कुणाचं तरी आणून त्यांच्या कुशीत ठेवलं. मुलगा खरा ठरला तर धाकट्या भावाचं गाव त्याचं होणार होतं. खोटा ठरला तर सगळं थोरल्यांचं. मूल दोन वर्षांचं होत आलं तेव्हा हे प्रकरण कोर्टात उभं राहिलं.

मूल जन्मलं तेव्हा त्या घरात तीनच बाया होत्या. वहिनी, दाई आणि मी. दाई मागल्या उन्हाळ्यात तापानं वारली होती.

तो दिवस सोमवती अमावास्येचा होता. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका सकाळीच टांगे करून ग्वारीघाटला नर्मदेच्या स्नानाला गेल्या होत्या. त्यांत सासूबाईही होत्या. घरात स्वयंपाकाला कुणीतरी हवं म्हणून मला मागं ठेवलं होतं. दुपारी मधल्या भिंतीवरून दाईनं हाक मारली. मी गेले. तिनं मला वहिनींच्या पाठीमागं बसवलं आणि त्यांचे खांदे घट्ट धरायला सांगितले. मी सतरा वर्षांची होते, बाळंतपण म्हणजे काय ते कधी पाहिलं नव्हतं. तास-दीड तास मी खांदे धरून बसले. मग शेवटच्या कळांना वहिनींच्या तोंडून जो आवाज निघाला तसा माणसाचा आवाज मी ऐकला नव्हता. खाली रक्त दिसलं. मी खांदे सोडले आणि अंगणात पळाले. तिथं चुलीवर पाणी चढवलेलं होतं. चुलीपाशी उकिडवी बसून मी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी कान दाबले. आतून वहिनी मला हाका मारत होत्या. कान दाबूनही त्या ऐकू येत होत्या. मी गेले नाही. मूल रडलं तेव्हा गेले. दाई मला शिव्या देत दोरा मागत होती. मग तिनं जे जे सांगितलं ते मी केलं.

संध्याकाळी बायका परतल्या तेव्हा दाईनंच सगळ्यांना सांगितलं, की छोट्या बहूनं मोठी हिंमत दाखवली, शेवटपर्यंत साथ दिली. तिनं असं काहून सांगितलं, मला कधी कळलं नाही. बहुधा माझी कीव आली असेल. मी काही बोलले नाही. गल्लीत माझं नाव झालं. वहिनींच्या आई दोन दिवसांनी अमरावतीहून आल्या, त्यांनी माझ्या हातात खण ठेवला आणि मी तो घेतला.

समन यायच्या महिनाभर आधी वहिनींचे वकील आमच्याकडे येऊन गेले होते. वयस्क, पगडी घालणारे, मोठे सभ्य गृहस्थ. मी दाराआड उभी होते, सासूबाई ओसरीवर. त्यांनी विचारलं, सूनबाई शेवटपर्यंत खोलीत होत्या ना? सासूबाईंनी अभिमानानं सांगितलं, होती ना. त्यांनी विचारलं, मूल जन्मताना त्यांनी स्वतः पाहिलं ना? सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. वकिलांनी ते लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेले.

ती हलवलेली मानच आता कमिशन होऊन घरी येणार होती.

पहिले तीनचार दिवस सासूबाईंनी तयारीत घालवले. ओसरीला लागून असलेली खोली सारवून घेतली, शाळेतून चार खुर्च्या मागवल्या. आमच्यात पडद्याची चाल नव्हती. पण चार परके पुरुष सुनेला बाळंतपणाबद्दल विचारणार म्हटल्यावर त्यांनी खोलीच्या मधोमध दोरी बांधून जाड चादर टांगायचं ठरवलं. मी मागं बसणार होते आणि त्या माझ्याजवळ. कोणतं लुगडं नेसायचं तेही ठरलं. हे सगळं चाललेलं असताना मी ताटावरून अर्धवट जेवून उठायची. घरातले समजले, बाळंतपणाची भीती आहे.

चौथ्या दिवशी मी यजमानांना सांगितलं. सकाळी ते शाळेत निघताना टोपी घालत होते, तेवढ्या वेळात. ते थबकले, मग हळू आवाजात म्हणाले, की मूल तर वहिनींचंच आहे, यात तुला शंका आहे का? नव्हती. मग तू बघितलं म्हणालीस तर काय खोटं झालं? तू दहा पावलांवर होतीस. एका शब्दापायी त्या पोराचं वाटोळं करू नकोस. ते वाईट माणूस नव्हते. मलाही ते पटलं. दुपारपर्यंत पटलेलं राहिलं.

पाचव्या दिवशी रविवार होता. मामंजी घरी होते. वहिनींचे थोरले दीर आले. शहपुऱ्याहून आले की ते सराफ्यात एका ओळखीच्याकडे उतरत, तिथून पायीच आले होते. उंच, पिकल्या मिशांचे, आवाज मऊ. त्यांना बघून सासूबाई आत आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. बाहेर ते पावसापाण्याचं बोलले, सुपारी घेतली. मग म्हणाले:

"मी दम द्यायला आलो नाही. सूनबाई मला मुलीसारख्या आहेत. पण त्यांना हलफ घ्यायची आहे. दोन जिवांची बाई हलफ घेते तेव्हा दोन्ही जीव घेतात. एवढं त्यांना सांगा."

"सांगीन," मामंजी म्हणाले.

ते नमस्कार करून गेले. सासूबाईंनी लगेच मीठमोहऱ्या घेऊन माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. आज इतक्या वर्षांनी वाटतं, तो माणूस खोटं बोलत नसावा. त्याला खरंच वाटत असावं की आपल्याला फसवलं आहे. म्हणूनच त्याच्या बोलण्याची मला इतकी भीती बसली. नुसता लबाड असता तर मी त्याचं मनावर घेतलं नसतं.

त्या दिवशी दुपारपासून पोटातलं मूल हललं नाही. एरवी जेवणानंतर ते हमखास हलायचं. मी डाव्या कुशीवर झाले, उजव्या कुशीवर झाले, थंड पाणी प्यायले. पोटावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी अजून शपथ घेतलीही नव्हती, पण मान तर हलवली होती. देव मानेला धरतो का शब्दाला, याचा विचार मी करत होते. कुणाला विचारायची सोय नव्हती. उन्हं उतरल्यावर एकदाची बाळानं आतून लाथ मारली. मी उठून बसले आणि रडले. सासूबाई धावत आल्या, "काहून रडून राहिली?" मी म्हटलं, पाय दुखतात. त्यांनी पाय चेपून दिले.

मला सगळ्यात जास्त कशाची भीती होती ते नीट सांगता येणार नाही, कारण ती जागा बदलत होती. कधी वाटायचं शपथेची. कधी वाटायचं त्या वकिलाची, जो माझ्या तोंडून काढून घेईल की मी पळाले, आणि मग सगळी गल्ली माझ्या तोंडावर हसेल. आणि वहिनी रोज यायच्या तेव्हा त्यांची भीती वाटायची. त्या काही ना काही करून आणायच्या, डिंकाचा लाडू, आवळ्याचा मोरंबा. साक्षीबद्दल एक शब्द काढायच्या नाहीत. मुलाला आमच्या अंगणात सोडायच्या आणि माझ्याजवळ बसून राहायच्या. त्यांच्याकडे बघायचा धीर मला होत नसे.

सहाव्या दिवसापासून मामंजींनी माझी तयारी घ्यायला सुरुवात केली. कचेरीतून आले की हातपाय धुऊन ते खुर्चीवर बसत. मी समोर पाटावर. सासऱ्यांसमोर अशी बसायची मला सवय नव्हती, पण ते म्हणाले, तिथं यापेक्षा अवघड असणार आहे. ते थोरल्या दिरांचे वकील होत आणि हिंदीत प्रश्न विचारत. तिकडचे वकील हिंदीतच विचारणार होते. मी मराठीत उत्तर दिलं तरी चालेल, कमिशनरला मराठी येतं, असं त्यांनी चौकशी करून ठेवलं होतं. नाव काय, वय काय, नवऱ्याचं नाव काय. नवऱ्याचं नाव घ्यायलाच मला दोन दिवस लागले. घर कुठल्या दिशेला, भिंत किती उंच, अंगणात काय काय आहे. ते म्हणत, विचारलं तेवढंच सांगायचं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं. वकिलाला घाई असते, आपल्याला नाही.

आठव्या दिवशी ते त्या प्रश्नाशी आले. आवाज जरा चढवून, वकिलासारखं बोट रोखून त्यांनी विचारलं, "आपने बच्चे को पैदा होते हुए अपनी आँखों से देखा?"

मी काही बोलले नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. माझ्या कपाळावर घाम आला. ओसरीवर अजून उजेड होता, त्यात त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि चष्मा काढून हातात धरला.

"मामंजी, मी..." मी सुरुवात केली.

"मला सांगू नको," ते म्हणाले. वकिलाचा आवाज गेला होता. "मला सांगशील तर मला ठाऊक होईल. मग मी तुला काहीतरी शिकवीन. कुणीही शिकवेल."

आतून सासूबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता. मामंजींनी तो संपू दिला. मग म्हणाले, "तीस वर्षं मी जबान्या उतरवून राहिलो. शिकवलेल्या जबानीत सगळं असतं, कुठं काही राहिलेलं नसतं. खऱ्या माणसाची जबानी तुटकी असते. त्यानं जेवढं पाहिलं तेवढीच."

मी विचारलं, "आणि त्यानं वहिनींचं नुकसान झालं तर?"

मला वाटलं होतं ते धीर देतील. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "होऊ शकतं."

पुढचे दोन दिवस त्यांनी तयारी घेतली नाही. तू थकलीस, विश्रांती घे, म्हणाले. त्या दोन दिवसांचं मला फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की आदल्या दिवशी दुपारी वहिनी आल्या आणि त्यांनी माझे केस विंचरून दिले. जड झाल्यापासून मला हात वर करून वेणी घालणं जमत नसे. फणी फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, तू आहेस म्हणून मला झोप लागते. मी तोंड खाली घालून बसले होते. त्याच क्षणी वळून सांगावं असं वाटलं. मी वेणीचा गोंडा उचलून मागं त्यांच्या हातात दिला.

अकराव्या दिवशी सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना टांगे आले. कमिशनर म्हणून तरुण वकील होते, तिशीचेही नसतील, अंगावर काळा कोट आणि काखेत कागदांची चामडी पेटी. वहिनींचे पगडीवाले वकील, थोरल्या दिरांचे वकील, आणि स्वतः थोरले दीर. दिरांचे वकील जाडसर, पान खाल्लेले, हसतमुख होते. मी त्यांची जशी कल्पना केली होती तसे ते मुळीच नव्हते, याची मला आणखी भीती वाटली. वहिनी आतल्या दारात, उंबऱ्यापाशी बसल्या. मी चादरीमागं पाटावर. सासूबाई माझ्या पाठीशी, खांद्यावर हात ठेवून.

आधी मामंजींनी सांगितलं की मागं बसलेली स्त्री माझी सून आहे, तीच साक्षीदार आहे. ते लिहून झालं. मग मामंजी म्हणाले, मी बाहेर बसतो. मला पुढं जे बोलावं लागणार ते त्यांच्यासमोर बोलता येणार नाही हे त्यांना कळत होतं. त्यांच्या वहाणांचा आवाज ओसरीकडे गेला.

तिकडचे वकील लगेच म्हणाले, पडद्यामागं आणखी कुणीतरी आहे, बांगड्यांचे दोन आवाज येतात. साक्षीदाराला कुणी शिकवत नाही हे कसं कळणार? कमिशनरांनी नम्रपणे सासूबाईंना बाहेर यायला सांगितलं. सासूबाईंचा हात खांद्यावरून निघाला. मी चादरीमागं एकटी राहिले. समोर ती जाड चादर, तिच्यापलीकडे खोकणारे, कागद चाळणारे पुरुष. कोण कुठं बसलंय, कोण माझ्याकडे तोंड करून आहे, काही कळेना. मला तो एकटेपणा सोसेना म्हणून मी हात पुढं करून चादर बाजूला सारली. कुणी मला सांगितलं नव्हतं. सासूबाई "अगं" म्हणाल्या. कमिशनर क्षणभर गोंधळले, मग नजर कागदावर नेऊन म्हणाले, ठीक आहे.

शपथ त्यांनी हिंदीत सांगितली, मी मागोमाग म्हटली. ईश्वराला साक्षी मानून खरं सांगीन. माझा एक हात पोटावर होता.

आधी वहिनींच्या वकिलांनी विचारलं. सोमवती अमावास्या, ग्वारीघाट, दाईची हाक, सगळं नीट गेलं. माझा आवाज मलाच लांबून येत असल्यासारखा वाटत होता. मग त्यांनी विचारलं, शेवटी काय झालं? ते कमिशनरांकडे बघत होते, उत्तर त्यांना ठाऊकच होतं.

"मी बाहेर पळाले," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी वहिनींकडे बघितलं नाही. मूल रडलं तेव्हा आत गेले, एवढं सांगून मी थांबले. वकिलांनी पगडी जराशी मागं सारली, दोनतीन किरकोळ प्रश्न विचारले आणि बसले.

तिकडचे वकील उठले तेव्हा फार गोड बोलले. म्हणाले, बेटी, घाबरू नका. तुम्ही खरं सांगितलंत, आणखी थोडंच विचारायचं आहे. तर तुम्ही मूल जन्मताना पाहिलं नाही? नाही. कुठं बसला होतात? चुलीपाशी. डोळे उघडे होते? मिटलेले. कान? दाबलेले. किती वेळ? आठवत नाही. त्या वेळात अंगणातून कुणी गाठोडं घेऊन आत गेलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं? मी विचार केला. मामंजींनी सांगितलं होतं, घाई करायची नाही. घाई न करताही उत्तर एकच होतं.

"नाही," मी म्हटलं.

कमिशनरांच्या लेखणीचा आवाज येत होता. थोरले दीर पुढं झुकले होते. उंबऱ्यापाशी वहिनींनी पदर तोंडाशी नेलेला मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसला. संपलं, असं मला वाटलं. वकील बसायला निघाले होते. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उभे राहून, थोरल्या दिरांकडे बघत त्यांनी हसत विचारलं, "फिर आप किस आधार पर कहती हैं कि बच्चा इन्हीं का है?"

मी म्हटलं, "नाळ जोडलेली होती."

कमिशनरांनी मान वर करून पुन्हा सांगायला सांगितलं. माझे कान तापले होते. त्या खोलीत तो शब्द एकदा उच्चारणं कठीण होतं, तो मला तीनदा उच्चारावा लागला. मी सांगितलं, की आत गेले तेव्हा मूल आईपासून सुटलेलं नव्हतं. दाईनं मला नाळ चिमटीत धरायला लावली आणि ती दोरा बांधत होती. मग तिनं कापली.

"हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?" आता वहिनींचे वकीलच न राहवून बोलले. कमिशनरांनी त्यांना हातानं थांबवलं.

"माझ्या बोटांत होती," मी म्हटलं. "ती उडत होती. नाडी उडते तशी."

कमिशनर लिहिता लिहिता थांबले. इंग्रजीत ते कसं लिहावं याचा विचार करत असावेत. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिकडच्या वकिलांनी आणखी पुष्कळ विचारलं. हे आधी कुणाला का सांगितलं नाही, आज कुणी शिकवलं, नाळ किती लांब होती. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं मी म्हटलं, आणि ते खरं होतं. बायकांना ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं आणि पुरुषांना सांगायची सोय नव्हती. यावर काही अवलंबून असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अकरा दिवस मी एकाच शब्दाशी अडून बसले होते, पाहिलं का नाही पाहिलं.

सगळं पुन्हा वाचून दाखवल्यावर मी प्रत्येक पानावर सही केली. बाहेर ओसरीवर वहिनींचे वकील मामंजींना म्हणत होते, की सूनबाईंनी हे मला आधी सांगायला हवं होतं, माझा जीव जायची वेळ आली. मामंजी म्हणाले, "तुम्ही तिला विचारलं होतं का? तुम्ही तिच्या सासूला विचारलं." नंतर सगळ्यांनी चहा घेतला. थोरल्या दिरांनी घेतला नाही.

वहिनी त्या दिवशी न बोलता घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. ते तीन दिवस मला आधीच्या अकरा दिवसांहून जड गेले. चौथ्या दिवशी सकाळी त्या आल्या, नेहमीच्या जागी बसल्या. मी पाया पडायला वाकू लागले तर वाकता येईना. त्यांनी मला धरून बसवलं.

"तू पळालीस ते मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "माझे डोळे दाराकडेच होते."

मी विचारलं, मग वकिलांना काहून नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर त्यांनी तुला बोलावलं नसतं. मग माझं कोण होतं?" जरा थांबून त्या म्हणाल्या, "राग होता. अजून आहे थोडा."

मग त्यांनी माझी वेणी घातली. याविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मला मुलगी झाली, धडधाकट. तरी पहिल्या महिन्यात ती शिंकली तरी मी दचकायची. ती पालथी पडायला लागली तेव्हा निकाल लागला. मुलगा वहिनींचा आणि त्यांच्या यजमानांचाच ठरला. थोरले दीर वरच्या कोर्टात गेले, पण मग त्यांनीच ते सोडून दिलं. काही वर्षांनी वहिनी मुलाच्या शिक्षणासाठी माहेरी अमरावतीला गेल्या. दिवाळीला त्यांचं कार्ड येई.

लोक म्हणत, मी त्या मुलाला वाचवलं. मला तसं कधी वाटलं नाही. ते वकील दोनदा उठले म्हणून ते वाक्य माझ्या तोंडून निघालं. ते तसेच बसले असते, तर मामंजींनी शिकवल्याप्रमाणे मी विचारलं तेवढंच सांगून गप्प राहिले असते. सही केली असती आणि चहा करायला आत गेले असते.